दारावरचा पंजा

हतबिया, ३ मे

फालिह,

पत्राच्या सुरुवातीला सलाम लिहीत नाही. लिहिला तर त्याचं उत्तर देणं तुझ्यावर बंधनकारक होईल, तू देणार नाहीस, आणि ते पाप तुझ्या माथी बसेल. थोरली बहीण म्हणून एवढी काळजी अजून घेते.

तू माझा नंबर बंद केलास. तुझ्या बायकोच्या फोनवर केला की उम्म मुहन्नद बिचारी म्हणते, "ते झोपलेत," आणि मागून ठोकळ्यावर सुरा आपटल्याचा आवाज येतो. झोपेत मांस तोडणारा माणूस अख्ख्या इराकमध्ये तूच एक. म्हणून कागद घेतला. तो अम्मो शनान आणून देतील. आमच्या ऑफिसच्या फाटकावरचे हे म्हातारे पहारेकरी दर गुरुवारी तुझ्याकडे कलेजी घ्यायला येतात. तुझ्यामाझ्यात तेवढाच दुवा उरलाय.

मी माफी मागायला बसलेली नाही, हे आधीच सांगते.

सहा आठवड्यांत आपल्या जिल्ह्यात तीन माणसं नाकातोंडातून रक्त जाऊन मेली. दोघे तुझ्याच धंद्यातले. तिसरी एक बाई, तिने नवसाच्या मेंढीची ताजी कलेजी उघड्या हातांनी चिरली होती आणि बोटाला जखम होती. गोचिडीतून मेंढीत, मेंढीच्या रक्तातून माणसात. मेंढी मात्र दिसायला ठणठणीत, रवंथ करत उभी! अशा वेळी कुणीतरी बोलायला हवं की नको? आरोग्य ऑफिसात डॉक्टर भरपूर आहेत, पण मायक्रोफोन समोर आला की त्यांच्या तोंडातून फक्त "म्हणजे... तसं पाहिलं तर..." एवढंच निघतं. माझी जीभ अडखळत नाही, म्हणून बावीस वर्षं शाळेत घासलेल्या या बाईला त्यांनी टीव्हीवर बसवलं.

आणि मी म्हणाले, "रस्त्यावरच्या खाटकाच्या सावलीतसुद्धा उभे राहू नका."

हे वाक्य कागदावर नव्हतं. ते माझं होतं. तू मला ओळखतोस. ठेका असलेलं वाक्य जिभेवर आलं की मला ते परत पाठवता येत नाही.

चुलत्यांच्या शोकसभेत काय झालं ते मी पडद्याआडून पाहिलं. कॉफीवाला एकच पेला घेऊन रांगेतून येत होता, प्रत्येक जण पिऊन तोच पेला पुढच्याला देत होता. तुझ्यापाशी आल्यावर तो थांबला, पेल्याकडे पाहिलं आणि तुला ओलांडून पुढच्याकडे गेला. शंभर माणसांसमोर. बाबांच्या मुलाला.

बाहेर पडताना तू मला म्हणालास, "आपा, तू मला सुऱ्याशिवाय कापलंस."

मान्य. पण मग मी गप्प बसायला हवं होतं का? याचं उत्तर दे. तुझ्या दुकानातल्या रद्दीवर मी वाचायला शिकले, फालिह. बाबा मांस बांधायला जुनी वर्तमानपत्रं आणायचे आणि बांधण्याआधी मला ती मोठ्याने वाचायला लावायचे. "जे वाचलंस ते मोठ्याने बोल," म्हणायचे. मी तेच केलं.

साजिदा


१९ मे

फालिह,

अम्मो शनान सांगत होते, तू पत्र न वाचताच तराजूखाली सरकवलंस. म्हणाले, "सित्त साजिदा, त्यांनी फाडलं नाही, ही मोठी गोष्ट आहे." मी म्हटलं, "अम्मो, वजनकाटा हलत असेल, म्हणून ठेवलं असेल त्याने." ते खोखो हसले. या माणसाला सकाळी सातलाही हसू येतं, आणि तेही ऑफिसच्या त्या फाटकावर! मी अजून त्याचं रहस्य शोधतेय.

मी पाच दिवस बगदादला होते. प्रशिक्षणाला. साथीच्या काळात लोकांशी कसं बोलावं, धोका कसा सांगावा, अफवा कशी पकडावी, हे शिकायला. हॉटेल इतकं थंड की शाल पांघरून बसावं लागलं. आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'समुदायाच्या जवळ जा'. नवव्या मजल्यावर!

परदेशातून आलेल्या एका बाईंनी नियम शिकवला. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात एका वेळी तीनच गोष्टी शिरतात. तीन वाक्यं, सगळे मिळून सत्तावीस शब्द. त्यापलीकडे जे बोलाल ते वाऱ्यावर. मी उठून विचारलं, "बाई, आमच्याकडे सत्तावीस शब्द नुसते ख्यालीखुशाली विचारण्यात जातात." सगळे हसले, बाईही हसल्या. पण त्या पुढे जे म्हणाल्या ते मला बोचलं. म्हणाल्या, "मग नुसतं विचारा. लोकांना काय विचारायचंय ते आधी ऐका. उत्तराची घाई करू नका."

मी वहीत लिहून घेतलं. अधोरेखित केलं. आणि परतीच्या बसमध्ये पुढच्या भाषणाचा मसुदा तयार केला.

आता आमचं पोस्टर ऐक. कार्यालयाने तीन हजार छापलेत. पांढऱ्या कोटातला माणूस, चकचकीत पोलादी टेबल, खाली ओळ: 'जनावरं फक्त अधिकृत कत्तलखान्यातच कापा.' आपल्या गावच्या कत्तलखान्याच्या दाराला चार वर्षं कुलूप आहे. पंप जळाला तेव्हापासून. मी आमच्या संचालकांना, डॉक्टर निझारना, विचारलं, "साहेब, लोक कुठे जाणार?" ते म्हणाले, "सित्त, तो विषय पाणी विभागाचा. आपला विषय संदेश." उंटावर बसून शेळ्या हाकणारे पाहिले होते, हे तर उंटही दुसऱ्या खात्याचा म्हणतात.

पण एक गोष्ट चांगली होतेय. ऑफिसच्या मागच्या अंगणात नवं दालन बांधून झालंय. फोनच्या चार लाइन, मोठा फळा, वीस खुर्च्या. 'आरोग्य आपत्ती संवाद कक्ष'. तिथे डॉक्टर येतील, मशिदीतले लोक येतील, शाळामास्तर येतील, आणि साथ आली की काय बोलायचं, कोणी बोलायचं ते आधीच ठरलेलं असेल. याच्यासाठी मी दोन वर्षं अर्ज लिहिलेत. त्या वीसपैकी एका खुर्चीवर खाटकांच्या वतीने तू बसावंस असं मला वाटतं. गुंता तुमच्या धंद्यात आणि खोलीत एकही खाटीक नाही, असं कसं चालेल?

उद्घाटन अठ्ठावीसला आहे. ये.

साजिदा


३० मे

फालिह,

आला नाहीस. ठीक.

उद्घाटन थाटात झालं. फीत कापली, भाषणं झाली, माझंही झालं, बाकलावा वाटला. नेहमी जे काही करतात ते सगळं केलं. प्रांताहून आलेले पाहुणे खूश होऊन गेले. यापलीकडे लिहिण्यासारखं काही नाही.

पण डॉक्टर निझारनी तुला मुद्दाम माणूस पाठवून कामाला बोलावलं होतं, आणि तू भर दुकानात नाही म्हणालास, हे मला लागलं. राग माझ्यावर काढ. त्या दालनावर का? दोन वर्षांत त्या दालनाच्या प्रत्येक विटेमागे मी भांडलेय. तुझ्या दारी कुणी मान देऊन माणूस पाठवतं आणि तू सुरा पुसत म्हणतोस, "माझ्या बहिणीला सांगा, तिच्या दारात मी पाय ठेवणार नाही"? बाबा असते तर त्यांनी तुझा कान धरला असता. माझाही धरला असता म्हणा, पण तुझा आधी.

हल्ली सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावते. सवय म्हणून. काळजीचं कारण नाही.

अम्मो शनान हे पत्र आणतील. आज ते म्हणत होते, "सित्त, फालिह मला कलेजी देताना हल्ली हातमोजे घालतो. लांब, कोपरापर्यंतचे. मी म्हटलं, काय रे, नवरीची मेंदी लपवतोस काय?"  

साजिदा


६ जून

फालिह,

हे पत्र अम्मो शनान आणत नाहीत. तुझ्या गल्लीतल्या नानवाल्याकडे दिलंय. तराजूखाली सरकवू नकोस. तुला बाबांची शपथ, शेवटपर्यंत वाच.

अठ्ठावीस तारखेचं खरं सांगते.

फीत कापायच्या आधी डॉक्टर निझार म्हणाले, "एवढी मोठी वास्तू, उंबऱ्यावर रक्त नको? नजर लागेल." मेंढी आणलेली होती. तू नाही म्हणालास म्हणून अम्मो शनान पुढे झाले: "मी आहे ना! तीस वर्षं फाटक राखलं, एक मेंढी नाही कापता येणार?" बाह्या वर केल्या. सुरा दातांत धरला. उघड्या हातांनी कापली. कातडं सुटं व्हावं म्हणून मागच्या पायाला चीर देऊन तोंडाने फुंकलं, बाबा फुंकायचे तसं, गाल फुगवून. मेंढीच्या कानामागे गोचिडी द्राक्षांसारख्या लोंबत होत्या. दोन-तीन त्यांनी नखावर चिरडल्या आणि लोक हसले. मग रक्तात पंजा बुडवला आणि नव्या पांढऱ्या दारावर उमटवला. पाच बोटं, स्वच्छ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दाराच्या शेजारीच आमचं पोस्टर होतं.

आणि मी? मी रक्ताचं भांडं धरून उभी होते, फालिह. डॉक्टरांनी हातात दिलं, मी धरलं. बगदादहून शिकून आलेली, सत्तावीस शब्दांची बाई. सत्तावीस जाऊ देत, एक शब्द पुरला असता: थांबा. तो तोंडातून निघाला नाही. पाहुणे बसले होते, दोन वर्षांचे अर्ज डोळ्यांसमोर होते, वाटलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या बोलू. जगातली प्रत्येक साथ 'उद्या बोलू' या दोन शब्दांवर पोसली जाते, हे वाक्य मी दहा सभांत बोललेय. टाळ्या घेतल्यात त्याच्यावर.

माझ्या मनगटावर चार थेंब उडाले होते. मी आत जाऊन साबणाने धुतले आणि बाहेर येऊन भाषण केलं. थर्मामीटर त्याच्यासाठी आहे. आज नववा दिवस, ताप नाही. माझं सोड.

अम्मो शनान तीन तारखेपासून कामावर नाहीत. ताप, पाठ मोडल्यासारखी दुखते, डोळे लाल. काल हिरड्यांतून रक्त आलं. हे मला त्यांच्या शेजारणीने सांगितलं. ऑफिसात डॉक्टर निझार म्हणाले, "विषमज्वर आहे. दुसरा शब्द कुणी उच्चारायचा नाही. उद्घाटनाचे फोटो मंत्रालयापर्यंत गेलेत." मी म्हटलं, "साहेब, माणूस मरतोय." ते म्हणाले, "सित्त, घबराट पसरवू नये, हे तुम्हीच शिकून आलात ना?"

मी शनानच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने दार इंचभर उघडलं. मी सगळं सांगितलं: औषध आहे, लवकर दिलं तर उपयोग होतो, रुग्णालयात वेगळी खोली आहे. आतून ती म्हणाली, "बाई, तुझं बोलणं फार सुंदर आहे. पण तिथे गेलेल्यांना निळ्या पिशवीत घालून परस्पर पुरतात. न्हाऊ घालत नाहीत. माझा माणूस अल्लाहसमोर विटाळलेला जाणार नाही. मरायचंच असेल तर घरात मरेल." आणि दार लावलं.

 तीन हजार पोस्टरं, चार फोनलाइन, वीस खुर्च्या, आणि या गावातल्या प्रत्येक घरात जो एकच प्रश्न विचारला जातोय, त्याचं उत्तर आमच्या एकाही कागदावर नाही. कारण तो कुणी ऐकलाच नाही. मी तर मुळीच नाही.

तिथून निघाले तर वाटेत उम्म मुहन्नद भेटली. तू का नाही म्हणालास ते तिने आज सांगितलं. तू डॉक्टरांच्या माणसाला म्हणालास, "दारात, उघड्यावर, हातमोज्याशिवाय मी मेंढी कापत नाही. माझ्या बहिणीनेच टीव्हीवर सांगितलंय. तिला जाऊन विचारा." तो माणूस ऑफिसात येऊन काय सांगता झाला ते तुला मागच्या पत्रात लिहिलंय. माझं न विचारता भडकणं तुला माहीतच आहे.

म्हणजे या जिल्ह्यात माझं ऐकणारा एकच माणूस निघाला. तोही ज्याला मी भर टीव्हीवर कापलं तो.

शनानच्या घरचं दार माझ्यासाठी उघडणार नाही. ऑफिसच्या गाडीसाठी तर नाहीच. तुझ्यासाठी उघडेल. वीस वर्षं त्या घरात तुझ्या हातचं मांस शिजतंय. जा. हातमोजे घाल, तोंड झाक, त्यांच्या रक्ताला, ओकारीला उघडा हात लावू नकोस. पण जा.

साजिदा


७ जून, सकाळी दहा

फालिह,

दोनच गोष्टी.

पहिली. हुसैनिया प्रार्थनागृहातल्या मौलवी सय्यद जाबिरांकडे फजरच्या नमाजानंतर गेले. त्यांना निळ्या पिशवीबद्दल विचारलं. म्हणाले, "दोन महिने वाट पाहतोय, कुणी हे विचारायला येईल म्हणून. तुमचे लोक येतात, पोस्टर चिकटवतात आणि जातात." त्यांनी लिहून दिलंय: पाण्याने न्हाऊ घालणं धोक्याचं असेल तिथे हातमोजे घालून तयम्मुम द्यावा, म्हणजे मातीने शुद्धी करावी, तो पूर्ण ग्राह्य आहे, जनाजा होईल, घरचे समोर असतील. मग रुग्णालयातल्या वॉर्डाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी त्याखाली सही केली: कुणालाही परस्पर पुरणार नाही. दोन सह्यांना एक सकाळ लागली. दोन महिन्यांत न झालेली एक सकाळ! माझं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतंय. कागद सोबत आहे. शनानच्या बायकोच्या हातात दे. तिला वाचता येत नाही, तू मोठ्याने वाच.

दुसरी. आज चार वाजता मी रेडिओवर बोलणार आहे. डॉक्टर निझारनी दिलेला मजकूर माझ्या पिशवीत आहे आणि तो पिशवीतच राहणार आहे. मला आधीच भीती वाटतेय, आणि भीती वाटली की मी लांबलचक बोलते. आज बोलणार नाही.

चारच्या आधी जमलं तर जा. चारनंतर त्या घरासमोर गर्दी होईल.

साजिदा


११ जून

फालिह,

तू रेडिओ लावला होतास की नाही मला माहीत नाही. म्हणून काय बोलले ते लिहिते.

"मी साजिदा, आरोग्य ऑफिसातून बोलतेय. अठ्ठावीस मे रोजी आमच्याच दारात आम्ही उघड्या हातांनी मेंढी कापली, रक्ताचं भांडं मी धरलं होतं, आणि आमचा एक माणूस आज आजारी आहे. त्या दिवशी जे तिथे होते आणि ज्यांच्या अंगावर रक्त उडालं, त्यांनी ताप आला तर लगेच रुग्णालयात यावं. आणखी एक. खाटकाच्या सावलीत उभे राहू नका असं मी म्हणाले होते. ते खोटं होतं. खाटकाशी हात मिळवल्याने हा रोग होत नाही, ताज्या रक्ताला उघडा हात लावल्याने होतो. मरणाऱ्याचा तयम्मुम होईल, जनाजा घरच्यांसमोर होईल. सय्यद जाबिर आणि डॉक्टर, दोघांनी लिहून दिलंय."

शब्द सत्तावीसच्या पुढे गेले. जाऊ देत.

काचेपलीकडे रेडिओवाला हातवारे करत होता, डॉक्टर निझारांचा फोन आला म्हणून. मी मान हलवली आणि शेवटपर्यंत बोलले. बाहेर पडले तर फोनवर नुसता आरडाओरडा. "तुम्ही संस्थेची अब्रू रस्त्यावर आणलीत!" मी म्हटलं, "साहेब, मेंढी आपण रस्त्यावरच कापली होती."

मग रुग्णालयाच्या फाटकावर जाऊन उभी राहिले. पावणेपाचला तुझी मांस वाहायची पिकअप आली. मागे गादी, गादीवर अम्मो शनान, शेजारी त्यांची बायको, तिच्या हातात तो कागद घट्ट धरलेला. तू कोपरापर्यंत हातमोजे घातलेला, तोंडाला फडकं, डोळे तेवढे दिसत होते. मी धावत पुढे आले. तू म्हणालास, "बाजूला हो. उघड्या हाताने धरू नकोस."

त्या शोकसभेपासून तू माझ्याशी एवढंच बोललास, आणि तेही बरोबर बोललास.

तू त्या घरात काय बोललास ते मला शनानच्या बायकोनेच सांगितलं. मला वाटलं होतं तू कागद वाचून दाखवशील. तू म्हणे आधी दारात बसलास आणि विचारलंस, "चाची, तुला कशाची भीती वाटते ते सांग." आणि ती बोलेपर्यंत अर्धा तास गप्प बसलास. तो अर्धा तास, फालिह! मला बगदादला पाच दिवसांत शिकवला आणि माझ्या अंगात शिरला नाही तो अर्धा तास. खाटकाला हे कोण शिकवतं? गिऱ्हाइकं शिकवत असतील.

माझी बदली झाली. चाळीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात, नोंदवह्यांच्या खोलीत. हुकमात लिहिलंय, 'तज्ज्ञतेचा अधिक चांगला उपयोग व्हावा म्हणून'. आणि दालनाचा अहवाल बगदादला गेला, त्यात लिहिलंय, 'प्रशिक्षित मनुष्यबळाची क्षमता लक्षणीय वाढली'. मी तो वाचताना इतकी हसले की कारकून घाबरला.

अम्मो शनान अजून वॉर्डात. डॉक्टरीणबाई 'बघू' म्हणतात. आज माझा चौदावा दिवस. ताप नाही. मी वाचले आणि सुरा ज्याने धरला तो तिथे पडलाय, याला काय म्हणायचं ते मला कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही.

साजिदा


१२ जुलै

फालिह,

ईद झाली. या वर्षी आपल्या गावात मेंढ्या कशा कापल्या गेल्या ते तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलंस, पण मला जे दिसलं ते लिहिते.

ईदच्या आधीच्या गुरुवारी मी सामान न्यायला ऑफिसात आले होते. फाटकावर अम्मो शनान! निम्मे झालेत, शर्टात दोन शनान मावतील. भोवती वीसेक माणसं, त्यात निम्मे खाटीक. आणि अम्मो सांगत होते, "गोचीड केवढी? अरे, मांजराएवढी! रात्री छातीवर बसून माझं रक्त पीत होती. मी तिला म्हटलं, बाई, मला पेन्शन नाही, माझ्यात काय आहे?" माणसं हसत होती आणि हातमोज्यांच्या खोक्यात हात घालत होती. खोका तू ठेवला होतास, असं कळलं.

मी पुढे होऊन म्हणाले, "अम्मो, गोचीड डाळीच्या दाण्याएवढी असते. लोकांना चुकीचं सांगू नका."

ते म्हणाले, "सित्त, तुम्ही डाळीएवढी सांगितली होती. कुणी ऐकलं?"

 मी वाकून त्यांच्या कानात म्हटलं, "निदान फुंकू नका, एवढं तरी खरं सांगा." त्यांनी लगेच गाल फुगवले आणि जमलेल्यांना दाखवलं, "हे असं फुंकलं, म्हणून मेलो होतो. पायपंपाने हवा भरा, गाढवांनो! सायकलवाल्याकडे मिळतो."

दारावरचा पंजा अजून आहे. रक्त औषधाने पुसून काढलं, पण रंगात तपकिरी डाग बसलाय, पाच बोटं तशीच. डॉक्टर निझारना वर रंग मारायचा होता. पण रंगारी येईल त्या दिवशी अम्मो शनान दारासमोर खुर्ची टाकून बसतात आणि म्हणतात, "माझा हात आहे. माझ्या परवानगीशिवाय कोण पुसतो बघतो." आत वीस खुर्च्या धूळ खात आहेत. बाहेर, त्या डागासमोर, रोज शिकवणी चालते. दोन वर्षं ज्याच्यासाठी मी अर्ज लिहिले ते अखेर सुरू झालं, फक्त दालनाच्या बाहेरच्या बाजूला. माझ्याविना. याचा आनंद मानावा की डोकं आपटावं, मी अजून ठरवलेलं नाही.

आणि काल अम्मोंच्या हातून तुझं पुडकं आलं. जुन्या वर्तमानपत्रात बांधलेलं. मांस बाजूला ठेवून मी आधी वर्तमानपत्रच मोठ्याने वाचून काढलं, सवयीने. मग आतल्या पिशवीला चिकटवलेली चिठ्ठी दिसली:

"मांस परवा कापलंय, एक दिवस फ्रीजमध्ये ठेवलंय. कच्चं हाताळताना हातमोजे घाल. शुक्रवारी जेवायला ये, भाषण घरी ठेवून."

तीन वाक्यं. सगळे मिळून सतरा शब्द, मी दोनदा मोजले. सत्तावीसची परवानगी होती, दहा तू वाचवलेस. बगदादच्या त्या बाईंना पाठवायची इच्छा होतेय. पाठवणार नाही, ही चिठ्ठी माझी आहे.

शुक्रवारी येते. उम्म मुहन्नदला सांग, पेला एकच ठेवायचा, आधी तू प्यायचंस, मग तोच मला द्यायचास. भाषण घरी ठेवायचा प्रयत्न करीन, वचन देत नाही.

अस्सलामु अलैकुम, फालिह. हा लिहिला. याचं उत्तर मला तोंडी हवंय.

तुझी आपा,
साजिदा